कोरियाच्या पुढची गोष्ट

आज ह्यांनी दाढी केली नाही.

बारा हजार फुटांवरच्या लष्करी चौकीतून सुट्टीवर निघालेला हा माणूस, दोन दिवस गाडीत काढून, स्टेशनवरच्या नळावर दाढी करून मग घरी आला होता. तापात केली. संपाच्या दिवसांत घरात पाणी नव्हतं, तेव्हा प्यायच्या तांब्यातलं घेऊन केली. आज नऊ वाजले, दहा वाजले, पेपर वाचून झाला आणि गालावर पांढरे खुंट तसेच. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर ‘कुठे जायचंय?’ म्हणाले असते, आणि तेच मला ऐकायचं नव्हतं.

काल रात्री फोन आला होता. ह्यांचा तो ॲडज्युटंट, पलटणीत ह्यांच्या हाताखाली कारभार पाहणारा अधिकारी, आता मेजर जनरलच्या यादीत आला. बोलताना हे खुर्चीतून उठून उभे राहिले. ‘शाब्बास बेटा’ मनापासून म्हणाले, शपथेवर सांगते. फोन ठेवल्यावर थोडा वेळ तसेच उभे होते. मग बातम्या लावल्या.

फोनचा आणि दाढीचा संबंध असेलच असं नाही. सकाळपासून मी तो जोडतेय आणि तोडतेय.

लेफ्टनंट कर्नलपर्यंत नोकरीची वर्षं माणसाला पुढे नेतात. त्यानंतर बढतीसाठी निवड करणारं बोर्ड. आधी कर्नलचं, मग ब्रिगेडियरचं, आणि दर पायरीला जागा कमी. चांगली माणसंही गळतात, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत. ह्यांनी पलटणीची कमान केली, चांगली केली. ब्रिगेडियरच्या यादीत नाव नव्हतं. कर्नलने ५४ व्या वर्षी घरी यायचं, ब्रिगेडियरने ५६ व्या. ‘दोनच वर्षांचा तर फरक,’ जाऊबाई म्हणाल्या होत्या. तो फरक दोन वर्षांचा नव्हता. पण हे त्यांना कसं सांगणार? त्या आपल्या बाजूने समजूतच घालत होत्या.

आणि माझं काय? प्रत्येक बदलीला शाळेतली नोकरी सोडली, नव्या गावी पुन्हा खालून सुरुवात केली. लेकीच्या दहावीला हे फिल्डवर, जिथे कुटुंब नेता येत नाही, आणि सेपरेटेड फॅमिलीच्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघीच. सीओंची, म्हणजे पलटणीच्या प्रमुखाची, बायको म्हणून कुणाकुणाच्या दारात उभी राहिले. त्या हिवाळ्यात दोन घरी गेले होते, ते आज लिहिणार नाही. माझं बोर्ड कधी कुणी बसवलं नाही. दुपारी भाजी निवडताना हे सगळं वर आलं, आणि मग ह्यांचाच राग आला. दाढी न केल्याचा.

हे रोज रात्री नातवाला फोनवर जनरल थोरातांची गोष्ट सांगतात. शंकरराव थोरात, आपल्या कोल्हापूरकडचे, १९२६ साली सँडहर्स्टहून कमिशन घेतलेले. ब्रह्मदेशातली कांगॉची लढाई नातवाला तोंडपाठ आहे. जानेवारी १९४५, एका ब्रिगेडमध्ये तिन्ही पलटणींचे सीओ भारतीय, थिमय्या, सेन आणि थोरात, आणि तिघांनाही डीएसओ हा ब्रिटिश लष्करी सन्मान. मग कोरिया. १९५३ साली मायदेशी परत जायला नकार देणारे बावीस हजारांवर युद्धकैदी भारतीय फौजेच्या ताब्यात होते, आणि त्या फौजेचे प्रमुख थोरात. कैद्यांनी आपला एक मेजर पळवून कुंपणाच्या आत नेला, तर जनरल स्वतः आत गेले आणि त्याला सोडवून आणलं. अशोकचक्र, वर्ग दुसरा. इथे हे थांबतात. दरवेळी.

पुढचं मला माहीत आहे, कारण ह्यांनी ते मला सांगितलंय, त्या यादीनंतरच्या रात्री. थोरात लखनौला, पूर्व विभागाचे प्रमुख. चीन नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, उतरला तर आपल्या चौक्या कुठे टिकणार नाहीत आणि लढायचं कुठल्या ओळीवर, हे त्यांनी १९५९ मध्ये लिहून वर पाठवलं. १९६० च्या मार्चमध्ये ‘लाल किल्ला’ नावाचा युद्धसराव घेऊन तेच दाखवलं. १९६१ च्या मे महिन्यात लष्करप्रमुख थिमय्या निवृत्त झाले. आपल्यानंतर थोरात यावेत अशी त्यांची इच्छा होती. लष्करप्रमुख थापर झाले. थापर ज्येष्ठ होते हेही खरं, आणि हे सांगताना ह्यांनी तेवढं आवर्जून सांगितलं होतं. थोरात निवृत्त झाले. दीड वर्षात चिनी फौजा उतरल्या, तेव्हा नेहरूंनी त्यांना दिल्लीला बोलावून घेतलं. तोवर त्यांच्या अंगावर गणवेश नव्हता.

ज्यांचं म्हणणं असं खरं ठरलं, त्यांनाही घरी यावं लागलं. त्या रात्री ह्यांना यातून धीर मिळाला की आणखी लागलं, ते मला आजही कळलेलं नाही.

चारला चहा घेऊन व्हरांड्यात गेले. पाय कठड्यावर टाकून बसले होते, गालावरून हात फिरवत. चेहरा पडलेला नव्हता. उलट जरा गंमत वाटत असावी. इतकी वर्षं हा चेहरा सरकारचा होता, असं एकदम मनात आलं. रोज सकाळी तपासणीला उभा. एक दिवस नसेल उभं राहायचं त्याला. मी काहीच न विचारता कप ठेवला, तर म्हणाले, “टोचतंय गं.” म्हटलं, “असू दे.”

असू दे. फोन असेल, नसेल. ज्या पोराला ह्यांनी घडवलं तो वर गेला, याचं ह्यांना दुःख झालं असेल आणि अभिमानही वाटला असेल. दोन्ही एका घरात राहू शकतात. आम्ही नाही का राहिलो?

रात्री नेहमीसारखा कोरिया संपला आणि नातवाने विचारलं, “मग पुढे?” मी आतून कान देऊन ऐकत होते. हे जरा थांबले आणि लखनौ सांगायला लागले. जमलं नाही नीट. नावं मागेपुढे झाली, नेफा कुठे ते समजावण्यात बराच वेळ गेला. पण १९६२ पर्यंत आले.

“मग जनरल काय करायला लागले?”

“लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष झाले. कोल्हापूरला राहिले. १९९२ साली गेले.”

“म्हणजे एकतीस वर्षं?”

पोराचा हिशेब बरोबर आहे. पस्तीस वर्षं नोकरी आणि एकतीस वर्षं नंतरची. जवळजवळ तेवढीच. एवढ्या सगळ्या वर्षांच्या सकाळी त्यांनी काय केलं, असं त्याला विचारायचं होतं. ह्यांनी सांगितलं, उद्या सांगतो.

उद्या मीही फोनजवळ बसणार आहे. कांगॉ मला पाठ आहे. मला ती एकतीस वर्षं ऐकायची आहेत.