पाऊस खोडल्यानंतर

आज पहाटे फुटाळा तलावाच्या काठावर आमच्या चित्रपटाचे शेवटचे दृश्य चित्रित झाले. लेखक म्हणून मी त्या दृश्यात पाऊस लिहिला होता, निर्माता म्हणून मीच टँकरचे भाडे ऐकून तो खोडला, आणि दिग्दर्शक म्हणून पुन्हा मलाच त्या कोरड्या काठावर नायिकेच्या चेहऱ्यावर पावसाची वाट पाहणे शोधावे लागले. दृश्य पावसाविना अधिक चांगले झाले. लेखकाला मात्र ते अजून मान्य नाही.

साडेसातला नागपूरचे ऊन असे चढले की चित्रीकरण थांबवावेच लागले. सावलीत बसल्यावर दादासाहेब फाळके आठवले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने तर दिलेच, शिवाय साऱ्या चमूचा स्वयंपाकही सांभाळला. आमच्या घरी दागिन्यांऐवजी मुदत ठेव मोडली गेली, आणि ती मोडताना सौभाग्यवतींनी एक अक्षरही विचारले नाही, याचेच मला अधिक ओझे वाटते.

आता रात्रीचे अकरा वाजले आहेत. चित्रफितीची दुसरी प्रत हार्ड डिस्कवर उतरत आहे, आणि मी संकलकाचे उरलेले मानधन, सेन्सॉर प्रमाणपत्राचे शुल्क आणि नऊ जणांनी दोनदा खाल्लेल्या तर्री-पोह्यांचे बिल वहीत मांडत बसलो आहे.