अर्ध्या तासाचं ऊन

"अकराला येतं नि साडेअकराला जातं. साखरांबा व्हायचा कसा?" दादरच्या हिंदू कॉलनीत आज आत्या खिडकीतली बरणी उचलत म्हणाली. समोर नवा टॉवर.

१८९६ला मुंबईच्या मांडवीत प्लेग आला. खापर कोंदट खोल्यांवर फुटलं. म्हणून १८९८ला शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, ही कॉलनी त्याच्याच योजनेतली. त्याचा नियम ६३.५ अंशांचा: इमारतीच्या उंचीच्या साधारण निम्मी जागा समोर मोकळी हवी, तळमजल्यालाही आभाळ दिसावं म्हणून. (ट्रस्टनं पाडलेल्या चाळींतले लोक कुठे गेले, तो विषयच वेगळा.)

गंमत म्हणजे प्लेग पसरवत होत्या उंदरांवरच्या पिसवा. कारण चुकलं, पण ऊन मिळालं!

"आत्या, गच्चीत ठेवू का?"

"गच्चीला कुलूप असतं रे. सोसायटीचा नियम."