वीस वर्षं उशिरा लिहिलेला एमपीथ्री डिस्कमनचा रिव्ह्यू

परवा पुण्याहून भाच्याचा फोन, मामा तुझ्याकडे तो गोल सीडीवाला प्लेयर होता ना, कसा होता रे, मी एक नवीन घेतोय ऑनलाईन, ब्लूटूथ आहे, टाईप-सी चार्जिंग आहे आणि एमपीथ्रीची सीडी पण वाजवतो. म्हटलं अरे तुझा जन्म २००५ चा, तुला काय करायचाय तो. तर म्हणे कॉलेजात सगळे परत सीडी घेऊन राहिलेत. मी म्हटलं होता बरा, पण गाणं बदलताना अटकायचा फार. 'अटकायचा' ऐकून तो हसायला लागला, आमची इंदूरची मराठी, तिकडे म्हणे अडकतो म्हणतात. असो. फोनवर नीट सांगता आलं नाही आणि मग रात्रभर तेच डोक्यात, म्हणून इथे लिहून काढतोय.

तर माझा प्लेयर २००२ सालचा. कॉलेजचं दुसरं वर्ष, जेल रोडवरच्या एका दुकानातून घासाघीस करून २२०० रुपयांत घेतलेला, त्यातले हजार ट्यूशन घेऊन कमावलेले, उरलेले आईने बाबांना न सांगता दिले. बाबांना कळलंच, आणि ते आठवडाभर जेवताना स्कूटरच्या टायरचा विषय काढायचे. प्लेयर चंदेरी प्लास्टिकचा, झाकणावर इतक्या मोठ्या अक्षरात एमपीथ्री लिहिलेलं की कंपनीचं नाव शोधावं लागायचं, आणि कंपनीचं नाव म्हणजे एक स्टिकर होतं, ते दोन महिन्यात उडालं. तेव्हापासून तो बिननावाचाच.

आता कोणी म्हणेल २००२ मध्ये आयपॉड होता की. होता ना, ऑक्टोबर २००१ मध्ये आला, ५ जीबी, ३९९ डॉलर, आणि आधी तर फक्त ॲपलच्याच मॅक कॉम्प्युटरला जोडता यायचा. तेव्हाच्या डॉलरच्या भावाने वीस हजाराच्या आसपास, आणि मॅक आम्ही फोटोतच बघितलेला. दुसरे ते छोटे काडीसारखे प्लेयर यायचे ३२ नाहीतर ६४ एमबीचे, म्हणजे अर्ध्या एक तासाची गाणी, घरून निघून भंवरकुआ चौकापर्यंत गेलात की संपली. त्यासमोर ही सीडी, कोरी आणली तर २०-२५ रुपयांना, ७०० एमबी, १२८ केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला १२८ किलोबिट, दाबून लहान केलेल्या) एमपीथ्री फाईली भरल्या तर बारा तास गाणी. हिशोब एवढा साधा होता. साधी ऑडिओ सीडी ७४ नाहीतर ८० मिनिटांत संपते, इथे त्याच चकतीवर पूर्ण दिवस.

पहिली गोष्ट जी मला भाच्याला सांगायची होती ती ही, की लोक आवाजाबद्दल बोलतात, बास कसा नि ट्रेबल कसा, पण एमपीथ्री डिस्कमन चांगला की वाईट हे आवाजावर ठरत नव्हतं भिया (इंदुरी 'भाऊ'). आवाज सगळ्यांचा बरा होता, जो खराब वाटायचा तो सोबत आलेल्या हेडफोनमुळे. तो ठरायचा एका गाण्याकडून दुसऱ्या गाण्याकडे तो कसा जातो यावर. बस. बाकी सगळं नंतर.

माझा कसा जायचा सांगतो. बटण दाबलं की आधी एक झुंऽऽ असा आवाज, चकती वेग घेतेय, मग आतून टिक टिक, लेन्स पुढे मागे सरकतेय, मग स्क्रीनवर ०३७ असा आकडा आणि मग एक मोठा श्वास घेण्याइतका वेळ काहीच नाही, आणि मग गाणं. स्क्रीनवर नाव वगैरे काही नाही, फक्त आकडा. दीडशे गाण्यांच्या सीडीत ०३७ म्हणजे कोण हे तुम्ही लक्षात ठेवायचं. त्यात आम्ही फाईलींना १, २, ३ असे नंबर दिले तर तो १ नंतर १० लावायचा, मग ११, मग असं करत करत कधीतरी २. ००१, ००२ असं लिहायचं असतं हे कळेपर्यंत चार सीड्या वाया गेल्या.

आईने यावर उपाय काढला होता. तिच्यासाठी मी भावगीतांची एक सीडी राईट करून दिलेली, १४३ गाणी, आणि तिने एका दुपारी बसून सगळी गाणी ऐकत वहीच्या पानावर दोन्ही बाजूंनी यादी लिहिली, आकडा, पुढे मुखडा, आणि काही आकड्यांसमोर नुसती फुली. फुली म्हणजे हे गाणं राजवाड्याच्या फुटपाथवरच्या सीडीतून आलंय आणि पाण्यात बुडून गायल्यासारखं वाजतं. (त्या फुटपाथवरच्या '१५० सुपरहिट' सीड्यांमध्ये एकच गाणं दोन स्पेलिंगने दोनदा असायचं, हे इंदूरलाच व्हायचं की सगळीकडे?) ती यादी सीडीच्या कव्हरमध्ये घडी करून ठेवलेली आणि ओट्यावर प्लेयर, त्याला कॉम्प्युटरचे स्पीकर लावलेले. पण तीन-चार महिन्यांनी ती परत रेडिओ लावायला लागली. का म्हणून विचारलं तर म्हणे पिठाच्या हाताने आकडे कोण दाबत बसणार, रेडिओ आपला आपण लावतो पुढचं.

धक्क्यांचं मात्र मी त्या प्लेयरला पूर्ण मार्क देईन, आणि याचं कारण मला तेव्हा कळलं नव्हतं, नंतर कळलं. आमचं आजोळ अकोल्याचं. तेव्हा मीटरगेजची गाडी होती, महू, पातालपाणी, कालाकुंड करत घाट उतरून खंडव्याला आणि तिथून पुढे अकोला, जिने गेलात तर दुसऱ्या दिवशीही अंग हलत राहायचं. त्या गाडीत मी मांडीवर प्लेयर घेऊन बसलो, समोर एक काकू शेंगदाणे सोलतायत, आणि घाटात डबा असा डुगडुगतोय की काकूंचे शेंगदाणे टरफलासकट खाली, आणि माझं गाणं चालूच. एकदाही अटकलं नाही. बाजूला चुलतभाऊ साधी ऑडिओ सीडी लावून बसला होता त्याच्या प्लेयरवर, आणि त्याचं गाणं दर वळणावर उड्या मारत होतं.

गंमत अशी की दोघांच्या आत मेमरी साधारण तेवढीच असावी. साध्या सीडीचा डेटा सेकंदाला १४११ किलोबिट येतो, एमपीथ्रीचा १२८, म्हणजे अकरा पट कमी. तर दोन एमबीच्या मेमरीत साध्या सीडीची जेमतेम दहा-बारा सेकंदं मावतात, एमपीथ्रीची दोन मिनिटं. साध्या सीडीवाले कंपनीवाले डब्यावर ४० सेकंद, ४५ सेकंद लिहायचे ना, ते आत आलेला डेटा परत दाबून लहान करून मेमरीत बसवायचे म्हणून. आमचा दाबूनच आलेला. प्लेयर दोन मिनिटांचं एकदम उचलून घ्यायचा आणि मोटर बंद, मग डबा हलो नाहीतर उडो. कान लावला तर कळायचं, झुंऽऽ, मग शांत, मग बऱ्याच वेळाने परत झुंऽऽ. सेल पण त्यामुळेच जास्त चालायचे, दोन पेन्सिल सेलमध्ये अकोला जाऊन परत. चार्जिंगवाले सेल टाकले की मात्र पहिल्या मिनिटापासून बॅटरी संपली असं दाखवायचा, कारण ते दीड ऐवजी १.२ व्होल्टचे. तसाच वाजत राहायचा पण. आम्ही त्या दिव्याकडे बघणंच सोडलं.

आता आमच्या मित्राचा प्लेयर. त्याचा दादा अमेरिकेत, त्याने रिओव्होल्ट पाठवलेला, जो मुळात कोरियाच्या आयरिव्हरने बनवलेला. तो हातात घेतला तेव्हा मला माझ्या २२०० रुपयांची लाज वाटली. स्क्रीनवर गाण्याचं नाव सरकत जायचं, फोल्डर उघडता यायचे, आणि सगळ्यात भारी म्हणजे कंपनी नेटवर नवीन सॉफ्टवेअर टाकायची, ते डाऊनलोड करून सीडीवर राईट करायचं, सीडी प्लेयरमध्ये टाकायची आणि प्लेयर स्वतःला सुधारून घ्यायचा. गाणी वाजवायच्या डब्याला अपडेट येतं ही गोष्टच आम्हाला पटेना. सायबर कॅफेत बसून आम्ही ती फाईल उतरवली, सीडी केली, टाकली, आणि तिघं चौघं श्वास रोखून बसलो की आता बंद पडला तर दादाला काय सांगायचं. चालू झाला. नंतर छप्पन दुकान या खाऊगल्लीत जाऊन त्याच्याकडून पार्टी घेतली, कशाची ते विचारू नका.

पण खरा रिव्ह्यू केला तो आमच्या काकांनी, बाबांचे मोठे भाऊ, लोकमान्यनगरला राहायचे. काका देवासला जाऊन कुमारजींना, म्हणजे कुमार गंधर्वांना, समोर बसून ऐकलेले माणूस, त्यांच्याकडे मस्कतहून आलेला सोनीचा डिस्कमन, फक्त ऑडिओ सीडी वाजवणारा, आणि ते तो मखमली पिशवीत ठेवायचे. मी मोठ्या हौसेने त्यांच्या शास्त्रीयच्या दहा-बारा सीड्या एका सीडीत बसवून दिल्या. म्हटलं बघा काका, पूर्ण कपाट एका चकतीत. त्यांनी डोळे मिटले, ऐकायला लागले, विलंबित म्हणजे संथ भाग झाला, आता द्रुत, जलद भाग, सुरू होणार, मागे तानपुरा चालूच आहे, आणि तिथे फाईल बदलली. तानपुरा एकदम गप. झुंऽऽ, टिक टिक. मग परत तानपुरा आणि द्रुत. काकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "काय रे, सगळे मिळून चहा प्यायला गेले होते का?"

मला वाटलं माझा प्लेयर स्वस्तातला म्हणून. मित्राचा रिओव्होल्ट आणला. त्यात कमी, पण खटका होताच. मग शोधाशोध केल्यावर कळलं की दोष एकट्या प्लेयरचा नाहीच, एमपीथ्री फाईल ठरावीक तुकड्यांनी बनते, एका तुकड्यात ११५२ सॅम्पल म्हणजे आवाजाचे बारीक नमुने, आणि गाणं बरोब्बर तिथे संपत नाही तर उरलेली जागा शांततेने भरली जाते, सुरुवातीलाही थोडी शांतता चिकटते. सिनेमाच्या गाण्यांना काय फरक पडतो, पण ख्यालाला पडतो. उपाय म्हणून मी विलंबित-द्रुत जोडून चाळीस मिनिटांची एकच फाईल केली. मग काकांना द्रुतच ऐकायचं असलं की बटण दाबून धरून बसा, आणि माझा प्लेयर असा हळू पुढे सरकायचा की त्यापेक्षा विलंबित ऐकून घेतलेलं बरं.

काका पण हट्टी, त्यांनी परीक्षा घ्यायची ठरवली. तोच तुकडा १२८ चा, १९२ चा आणि मूळ सीडी, मी लावायचं आणि त्यांनी न बघता सांगायचं. १२८ त्यांनी दर वेळी पकडला. गळ्यावरून नाही, तानपुऱ्यावरून, म्हणे मागची तार बुडबुडे सोडतेय. आणि ते बरोबरच होतं, एमपीथ्रीची सगळी युक्तीच ती आहे, मोठ्या आवाजाखाली जो बारीक आवाज तुम्हाला ऐकू येणार नाही असं वाटतं तो काढून टाका. आता तानपुरा म्हणजे तोच बारीक आवाज. १९२ आणि मूळ सीडी यात मात्र तीनदा चुकले, आणि चुकल्यावर म्हणाले आज सर्दी आहे.

सीडी राईट करणं हे वेगळंच प्रकरण होतं, त्यावर कधी वेगळं लिहीन. तेव्हा आमच्या मध्यप्रदेशात लाईटची अशी बोंब होती की २००३ ची निवडणूकच बिजली-सडक-पानीवर झाली, आणि सीडी ९० टक्क्यांवर आलेली असताना लाईट गेली की सीडी मेली. लेझर मध्ये थांबून नंतर सुरू होईल असं काही नाही. वाया गेलेल्या सीड्या बाबांनी दोऱ्याने पेरूच्या झाडाला टांगल्या, पोपट घालवायला. ऊन पडलं की भिंतभर इंद्रधनुष्य. पोपट आठवडाभर घाबरले, मग सीडीवरच बसून पेरू खायला लागले. पुसून परत लिहायची सीडी आणली तर ती काकांचा सोनी ओळखायचाच नाही, कारण ती उजेड फार कमी परत फेकते आणि जुन्या लेन्सला दिसतच नाही. माझा बिननावाचा वाजवायचा. तेवढ्या एकाच बाबतीत मी काकांच्या वर.

प्लेयर २००६ पर्यंत चालला. शेवटी झाकणाची खुंटी तुटली आणि झाकण बंद आहे हे त्याला कळेना, तर मी तिथे काडीपेटीची काडी खुपसून वर्षभर चालवला. काल माळ्यावरून काढला तर काडी अजून तशीच, सेल मात्र पाझरून पांढरे झालेले. व्हिनेगर लावून, घासून, नवीन सेल टाकले. चकती फिरली, टिक टिक केलं, आणि स्क्रीनवर 'नो डिस्क'. तीनदा तेच. आईच्या यादीतलं ०३७ बघायचं होतं मला, ते राहिलं.

तर भाच्याला एवढंच लिहून पाठवलं की बास-बीस बघू नकोस, विक्रेत्याला विचार एका फाईलीवरून दुसरीवर जाताना मध्ये गॅप पडतो का. त्याने विचारलं. आज सकाळी उत्तर आलं, त्याने स्क्रीनशॉट पाठवलाय मला: "हाँ जी सर, साऊंड एकदम मस्त है, बास भी है."