ग्राफवरचा एक चौकोन

त्या सकाळी अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टेरी टॉवेलच्या एका कारखान्याच्या फाटकापाशी आम्ही दोघी पाऊण तास उभ्या होतो. तिने दोनदा परत जाण्याचा विषय काढला आणि दोन्ही वेळा मी तिला अडवले नाही, कारण परतायचे की आत जायचे हे तिनेच ठरवायचे, असे आमचे आधीच बोलणे झाले होते.

तेवीस वर्षांची ही मुलगी सोलापूरच्या पूर्व भागातली. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळणारी, घरात तेलुगू आणि बाहेर मराठी. बी.कॉम. झाल्यावर ती एका दुकानात काउंटरवर लागली. नवव्या दिवशी गिऱ्हाइकासमोर सुटे पैसे मोजताना तिचे हात थरथरले, ते सर्वांनी पाहिले या विचाराने ती घरी आली आणि पुन्हा गेली नाही. घरच्यांनी तिला लाजाळू म्हटले. लाजाळू माणूस ओळख वाढली की बहुधा रुळतो. सामाजिक चिंताविकारात मात्र लोक आपल्याला जोखत आहेत ही धास्ती प्रसंगाच्या कितीतरी दिवस आधीपासून सुरू होते आणि प्रसंग सरल्यावरही मन तोच उगाळत बसते. मनोविकारतज्ज्ञांनी हे निदान केले, त्यानंतर ती रोजगार समुपदेशनासाठी माझ्याकडे आली.

येथे माझी चूक झाली. माणसांची भीती आहे, तर माणसे नसलेले काम द्यावे, असा सरळ हिशेब करून मी तिला घरबसल्या डेटा एंट्रीचे काम मिळवून दिले. पहिले काही आठवडे ती फार समाधानी होती. तीन महिन्यांनी आई सांगत आली, ‘मॅडम, आता ती माझ्यासोबत विड्या द्यायलासुद्धा येत नाही, दारावर कोणी आले तर आतल्या खोलीत जाते.’ टाळल्याने लगेच सुटका वाटते, आणि ती सुटकाच टाळण्याची सवय घट्ट करते, हे मी इतरांना शिकवत आले होते. तिच्या बाबतीत मी स्वतःच ते विसरले, याचे मला आजही वाईट वाटते.

मग तिच्या डॉक्टरांच्या उपचारांशी जुळवून घेत आम्ही सर्वांत कमी भीतीच्या प्रसंगापासून सर्वांत जास्त भीतीच्या प्रसंगापर्यंत पायऱ्या लिहिल्या आणि त्या चढता येतील असे काम शोधू लागलो. टॉवेलच्या डिझाइन विभागात तिघेच जण होते. जॅकार्डच्या, म्हणजे मागावरच विणल्या जाणाऱ्या, नक्षीच्या ग्राफवर प्रत्येक चौकोन म्हणजे धागा वर की खाली याची खूण; तेथे पारख कापडाची होते, बोलण्याची नव्हे. मालकांना मी तीन गोष्टी मागितल्या: मुलाखतीऐवजी दोन तासांचे प्रत्यक्ष काम, सूचना लेखी, आणि खोलीत कोण कोण असेल हे आदल्या दिवशी कळवणे. त्यांनी विचारले, ‘मुलीला काही आजार आहे का?’ तिच्या संमतीने ठरले होते तेवढेच मी सांगितले: तिला कशाची मदत होते ते. निदान सांगितले नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा आणि वाजवी सोयींचा विचार आहे, पण या मागण्या इतक्या साध्या होत्या की कायद्याचे नाव काढण्याची वेळ आली नाही.

अखेर ती आत गेली. मी बाहेरच्या बाकावर थांबले. तासाभराने डिझाइनचे काम पाहणारे वयस्क मास्तर हातात एक चिठ्ठी घेऊन खोलीबाहेर आले, क्षणभर थांबले आणि पुन्हा आत वळले. नक्षीची उजवी कड पुढच्या आवर्तनाच्या डाव्या कडेला जुळत नाही, एक चौकोन सरकला आहे, असे तिने लिहून त्यांच्या टेबलावर ठेवले होते. तसेच विणले असते तर टॉवेलवर ठरावीक अंतराने रेघ तुटलेली दिसली असती. उघड्या दारातून मला त्यांचा प्रश्न ऐकू आला: ‘बाळ, कुठला चौकोन, दाखव बरं.’ बराच वेळ शांतता. मग तिचा आवाज आला, अडखळत, तीन-चार वाक्ये. पण शेवटचे वाक्य तिने पूर्ण केले.

ती आता तेथे अर्धवेळ जाते आणि डॉक्टरांकडेही नियमित जाते. कार्यालयातला फोन ती अजून उचलत नाही. आमच्या कागदावर ती सहावी पायरी आहे आणि सध्या आम्ही चौथीवर आहोत: दुपारचा डबा इतर दोघींसोबत बसून खाणे.