पिवळ्या ठिपक्यांवर लाल

कॅथलॅबमध्ये, म्हणजे नळी घालून हृदयावर उपचार करतात त्या खोलीत, मी मॅपिंगच्या मशीनवर बसते. डॉक्टर सर हृदयात कॅथेटर, म्हणजे लांब बारीक नळी, फिरवतात, त्याचं टोक भिंतीला जिथं टेकेल तिथला सिग्नल मी टिपत जाते आणि स्क्रीनवर कप्प्याचा रंगीत नकाशा भरत जातो. वीज सगळ्यात आधी उमटते ती जागा लाल, सगळ्यात उशिरा पोचते ती जांभळी.

त्या दिवशीच्या मावशी शेतात राबणाऱ्या, पंचेचाळिशीच्या. आठ वर्षं मधूनच धडधड सुटायची, ठोके १८० वर जायचे. दवाखाना गाठेपर्यंत सगळं शांत, ईसीजी नॉर्मल. मग 'टेन्शन घेऊ नका' म्हणून घरी पाठवणी. याचा मला फार राग येतो. धडधड चालू असतानाची पट्टी हाती नाही म्हणून आजारच नाही, असं कसं म्हणायचं?

टेबलावर धडधड सुरू करता आली. उजव्या कर्णिकेचा, म्हणजे उजवीकडच्या वरच्या कप्प्याचा, नकाशा भरला आणि लाल जागा आली ती नेमकी माझ्या पिवळ्या ठिपक्यांवर. ते मी आधीच लावून ठेवले होते, हिस बंडलच्या खुणा म्हणून. वरच्या कप्प्यांतून खाली वीज उतरते ती याच वाटेनं. धडधड जिथून सुटते ती लाल जागा कॅथेटरच्या टोकानं चटका देऊन बंद करायची असते, पण इथं चटका बसला तर ही वाटच कायमची बंद आणि जन्मभराचा पेसमेकर. सरांनी चटक्याच्या पेडलवरचा पाय काढून घेतला. लॅबमध्ये कुणी बोलेना.

मग जांघेतल्या धमनीतून दुसरी वाट धरली, थेट महाधमनीच्या झडपेपर्यंत. या झडपेला तीन खिसे असतात. दोघांतून हृदयाच्या रक्तवाहिन्या निघतात, तिसऱ्यातून काहीच नाही, आणि हा तिसरा कर्णिकांमधल्या पडद्याला पाठ लावून असतो. तिथं टोक टेकलं. सिग्नल उजवीकडच्यापेक्षाही आधीचा, आणि हिसचा मागमूस नाही. मी दोनदा मोजून सांगितलं, "सर, इथंच."

चटका सुरू झाला. मी सेकंद मोजत होते. चौथ्याला १८० चे ७८ झाले. खालची वाट शाबूत.

"थांबली," मावशीच आधी म्हणाल्या. भूल फक्त जांघेपुरती होती, त्या जाग्या होत्या.

पुढचा अर्धा तास औषध देऊन, पेसिंग करून, म्हणजे बाहेरून विजेचे ठोके देऊन, धडधड पुन्हा सुरू करायचा प्रयत्न केला. झाली नाही. बाहेर नेताना त्यांनी स्क्रीनकडं बोट केलं.

"ते तांबडं म्हंजे माझं दुखणं व्हय?"

"हो, मावशी."

"मग त्येचा कागद मिळंल का? घरी दाखवायचाय."

मी रंगीत प्रिंट काढून दिली.