खांदा बदलताना दुखावलेली नस : माझा अनुभव

उजव्या खांद्याचे स्नायूबंध फाटून सांधा झिजला होता आणि वेणी घालण्याइतकाही हात वर जात नव्हता, म्हणून परभणीच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने मी छत्रपती संभाजीनगरला ‘रिव्हर्स’ पद्धतीचे सांधेरोपण करून घेतले. या पद्धतीत गोळा आणि वाटी यांच्या जागा उलट करतात आणि हात उचलण्याचे काम मुख्यतः खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूवर सोपवतात. त्या स्नायूला चालवणारी अ‍ॅक्सिलरी नस सांध्याच्या अगदी खालून जाते. शिवाय या सांध्याने हात किंचित लांबतो, त्यामुळे नसेवर ताण येऊ शकतो, हे सर्जननी आधीच समजावले होते.

शस्त्रक्रियेआधीची तपासणी मला सर्वांत मोलाची वाटते. डॉक्टरांनी मला डोळे मिटायला सांगून दंडाच्या बाहेरच्या बाजूवर कापूस फिरवला, मनगट उचलायला, बोटे फाकवायला, अंगठा आणि तर्जनीची कडी करायला लावली आणि सगळे केसपेपरवर लिहिले. मानेजवळ दिलेल्या भुलेच्या इंजेक्शनने हात कितीतरी तास बधिर राहतो. त्यात मला मधुमेह. आधीची नोंद नसती, तर बधिरपणा जुना, औषधाचा की शस्त्रक्रियेचा, हे कसे ठरवणार?

भूल उतरल्यावर बोटे हलली, पण खांद्याखाली तळहाताएवढा भाग बधिरच राहिला. कोपर उशीवर मागे दाबायला सांगून डॉक्टरांनी खांद्यावर बोटे ठेवली, तर स्नायू घट्ट होत नव्हता. सांधा निखळलेला नाही, रक्त साचून नस दबलेली नाही, याची खात्री करून त्यांनी सांगितले की नस बहुधा ताणली गेली आहे आणि अशा बहुतेक नसा काही महिन्यांत सावरतात. नसेची विद्युत तपासणी मात्र लगेच केली तर फसवी ठरू शकते, म्हणून ती 3 ते 4 आठवड्यांनी झाली. आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. म्हणून 3 ते 6 महिन्यांत काहीच सुधारणा दिसली नाही, तर नस उघडून पाहणे, दुसऱ्या नसेचा तुकडा लावून कलम करणे किंवा दंडामागच्या स्नायूकडे जाणाऱ्या नसेची एक शाखा तिला जोडणे, हे पर्याय असतात.

घरी आल्यावर शेजारच्या काकू मायेने म्हणाल्या, “विटकर गरम करून शेका.” सूनबाईंनी त्यांना नम्रपणे थांबवले, कारण बधिर कातडीला चटका समजत नाही आणि मधुमेहात भाजलेली जखम लवकर भरत नाही. फिजिओथेरपिस्टने शिकवल्याप्रमाणे सूनबाई मला उताणे निजवून, ठरवून दिलेल्या मर्यादेत, माझा हात रोज हळूहळू उचलत असत. बोटे आणि मनगट मी स्वतः हलवत असे. अनेक आठवडे काहीच फरक दिसला नाही, तो काळ फार जड गेला. मग एका तपासणीत फिजिओथेरपिस्टच्या बोटाखाली स्नायू बारीकसा फुरफुरला आणि पुढच्या विद्युत तपासणीतही नस सुधारत असल्याचे दिसले, त्यामुळे दुसऱ्या शस्त्रक्रियेचा विषय मागे पडला. आता वेणी मी स्वतः घालते. दंडावरचा तो भाग अजून थोडा मंद आहे आणि व्यायाम चालू आहेत.