शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी
आज शेवटच्या वर्षाची पोरं कॉलेजकडून शेवटचं टेनिस खेळली. ट्रॉफीचे फोटो सगळे टाकतीलच, मला त्यांच्या दुसऱ्या सर्व्हिसचं (पहिली चुकल्यावर मिळणारी दुसरी संधी) कौतुक वाटतं. आधी ती नुसती ढकललेली असायची. भीतीने मनगट आखडतं, रॅकेट मंदावते आणि चेंडू नेटमध्ये. आता कॉन्टिनेन्टल ग्रिप (हातोडा धरावा तशी पकड), चेंडूचा टॉस डोक्यावर, रॅकेट खालून वर घासत जाते. हाताचा वेग पहिल्या सर्व्हिसइतकाच, फक्त फिरकी जास्त. म्हणून चेंडू नेटच्या बराच वरून जाऊनही समोरच्या सर्व्हिस बॉक्समध्ये उतरतो. 30-40 असताना, म्हणजे एक पॉइंट गेला की गेम गेला अशा वेळी, हात असा सैल सोडायला जिगर लागते, पोरांनो! आणि डबल्समध्ये जोडीदाराच्या डबल फॉल्टनंतर (दोन्ही सर्व्हिस चुकल्यावर) कपाळाला आठी न घालता टाळी देऊन, नेटजवळ उभं राहून पाठीमागे बोटांनी जोडीदाराला पुढच्या पॉइंटची खूण करणं, हे ज्युनिअर्सनी तुमच्याकडूनच उचललंय. मनापासून थँक यू.